रोबोट व्हॅक्यूम, सात महिने वापरून: सक्शन सोडा, बोलणं बघा

पाडव्याला घेतलेला, मॉपवाला, लेझरवाला. स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, परत टाइप करत नाही. केर चांगला काढतो, पुसणं म्हणजे ओला हात फिरवल्यासारखं, शहाबादीच्या सांध्यातलं काही निघत नाही. विषय संपला. मला लिहायचंय ते त्याच्या बोलण्यावर.

मराठी आवाज नाही म्हणून हिंदी ठेवला. कॉटखाली अडकला की म्हणणार, "कृपया रोबोट को दूसरी जगह रखकर शुरू करें." आई पहिल्याच दिवशी भडकली, "कृपया म्हणतंय आणि काम मलाच सांगतंय, कुठला साहेब लागून गेलाय?" आता आमच्या मंगळवार पेठेत रांगडं चालतं, शिवी पण चालते, पण कोरडं चालत नाही, "जरा उचला की" म्हणला असता तर ती लगेच वाकली असती. मी ऑफिसातनं येईपर्यंत हा तसाच पडून. वैतागून आवाजच बंद केला, तर मुकाट्यानं कुठंतरी बॅटरी संपवून बसायला लागला आणि आम्ही घरभर शोधतोय.

मग भाच्यानं ॲपमधनं लहान पोराचा आवाज टाकला. "मैं फँस गया, मदद करो ना." अडकायचा त्याच कॉटखाली, पण आई पिठाच्या हातानं उठली, "आलो रे बाळा!" पहिल्या महिन्यात मी २ स्टार दिलेले, ते इथं मागं घेतले. २००९ मध्ये छापून आलेला एक प्रयोग आहे, त्यात रोबोट चिनी आणि जर्मन लोकांना सल्ला द्यायचा, कधी थेट, कधी आडून. आडून बोललेलं चिनी लोकांना पटलं, जर्मनांना त्याचा भरवसा वाटेना. आईला थेट-आडून काही फरक पडत नाही, घरातलं कोणतरी बोलतंय असं वाटलं की झालं.

एवढा जीव लागला की खंडेनवमीला मिक्सर, स्कूटरबरोबर त्याचीही पूजा झाली. हळद-कुंकू नेमकं लेझरच्या टोपीत. दुसऱ्या दिवशी सेन्सर एरर. सर्व्हिसवाला म्हणे बाहेरची पावडर वॉरंटीत बसत नाही, २८०० होतील, आणि "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" तीनदा. वर विचारतो, मशीनची पूजा कोण करतं? म्हणलं, भावा, सोनीनं २०१४ ला आयबो या रोबोट कुत्र्याची दुरुस्ती बंद केली, तर जपानात लोकांनी ते कुत्रे कोफुकुजी देवळात नेऊन अंत्यविधी केले, आम्ही निदान जिवंतपणी कुंकू लावलंय. गप्प बसला, पण रेट काय कमी केला नाही.

शेवटी भाच्याचा रंगाचा ब्रश घेतला, टोपी हातानं फिरवत फिरवत दहा मिनिटं झाडली, झाला चालू. खर्च शून्य.

४ स्टार. एक कापलाय तो त्या २८०० साठी. आईला सांगून ठेवलंय, पुढच्या दसऱ्याला कुंकू चार्जिंगच्या डॉकला लाव, ती म्हणते डॉकला काय जीव आहे?