जुन्या गोव्यातलं बॉम जीझस, मार्गदर्शकासह: पुण्याहून जाणाऱ्यांसाठी

पुण्याहून जुन्या गोव्याची चर्च बघायला दोन तऱ्हांनी जाता येतं. एक म्हणजे गोव्यात पोचल्यावर 'साउथ गोवा दर्शन'च्या बसमध्ये बसायचं. तिथे बॉम जीझस बॅसिलिकाच्या वाट्याला अर्धा-पाऊण तास येतो आणि त्यातला निम्मा पार्किंगपासून दारापर्यंत आणि परत येण्यात जातो. दुसरी म्हणजे पुण्यातल्या वारसा-अभ्यासाच्या मंडळींची शनिवार-रविवारची सहल. आधी पेठेतल्या एखाद्या सभागृहात स्लाइड दाखवून दीड-दोन तासांचं सत्र, शुक्रवारी रात्री स्वारगेटहून बस, सकाळी पणजीत अंघोळ-नाश्ता आणि मग मराठी बोलणाऱ्या मार्गदर्शकाबरोबर जुन्या गोव्यात अख्खा दिवस. हे परीक्षण दुसऱ्या प्रकाराचं आहे. पहिल्या प्रकारावर एकच वाक्य पुरे: त्यापेक्षा पणजीहून साध्या बसने जा, दहा किलोमीटरही अंतर नाही, आणि आपलं आपण बघा.

अभ्यास सहलीचे जादा पैसे वसूल होतात की नाही, हे ओळखायची सोपी खूण आहे. मार्गदर्शक तुम्हाला आत नेण्याआधी बाहेर किती वेळ थांबवतो? वीस मिनिटं उन्हात उभं केलं तर माणूस जाणकार आहे असं समजा. गाडीतून उतरवून थेट संत फ्रान्सिस झेवियर या सोळाव्या शतकातल्या धर्मप्रचारकाच्या शवपेटीपाशी नेलं, तर बसवाल्यात आणि त्याच्यात फरक फक्त भाषेचा.

बाहेर बघण्यासारखं मुख्य म्हणजे दगड. दर्शनी भिंत जांभ्याची आहे, कोकणात घराघराला असतो तोच. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवेत राहिला की कडक होतो, पण अंगभर भोकं राहतातच. हातभर अंतरावरून बघितलं तर काही ठिकाणी करंगळीचं टोक आत जाईल एवढी. अशा दगडात बारीक नक्षी निघत नाही, धार तुटते. म्हणून खांब आणि कोरीव पट्ट्या काळ्या दगडातल्या आहेत आणि तो बेसाल्ट आणला वसईहून. त्या काळी वसई पोर्तुगीजांकडेच होती, चिमाजीअप्पांनी ती घेतली १७३९ मध्ये. मेणवलीची आणि भीमाशंकरची घंटा पाहिलेल्यांना वसईहून इकडे काय आलं ते ठाऊक असतं. त्याच्या दीडशे वर्षं आधी वसईहून गोव्याला काय गेलं, ते इथे भिंतीत बसवलेलं दिसतं. चांगला मार्गदर्शक लाल कुठे संपतो आणि काळा कुठे सुरू होतो ते बोटाने दाखवतो. मग खालून वर वाचायला लावतो: तळाशी तीन दारं, त्यावर तीन चौकोनी खिडक्या, त्यावर तीन गोल खिडक्या आणि सगळ्यात वर चौकटीत येशूच्या नावाची 'आय.एच.एस.' ही अक्षरं, जेझुइट या कॅथलिक पंथाची खूण. घंटेचा मनोरा समोरून दिसतच नाही, तो मागे आहे.

आता ती लाल भिंत. बहुतेकांना हेच चर्चचं मूळ रूप वाटतं, फोटोत छानही दिसतं. बांधकाम सुरू झालं नोव्हेंबर १५९४ मध्ये, अभिषेक झाला १६०५ मध्ये, आणि त्यानंतर साडेतीनशे वर्षं ही भिंत चुन्याच्या गिलाव्याखाली होती. १९५० च्या दशकात पोर्तुगीज सरकारच्या काळातच 'दगड मोकळा दिसावा' म्हणून गिलावा खरवडून काढला गेला. सच्छिद्र दगडावर गोव्याचा पाऊस थेट पडायला लागला की काय होतं ते सांगायला अभियंता नको. चुना झिजतो आणि दर काही वर्षांनी पुन्हा लावता येतो; तो गेला की झिजायची पाळी दगडावर येते. गिलावा परत करावा की नाही, यावर गोव्यात अजून वाद आहे. हा मुद्दा जो मार्गदर्शक गाळतो, त्याने चर्चची गोष्ट अर्धीच सांगितली.

वेळेचं गणित. दर्शनी बाजू पश्चिमेला आहे. सकाळी नऊला पोचलात तर ती सावलीत असते; डोळ्यांना बरं, पण कोरीवकाम सपाट दिसतं. दुपारी एक-दीडला सूर्य कलायला लागला की तिरपा उजेड पडतो आणि काळ्या दगडातला प्रत्येक कंगोरा उठून येतो. शहाणे आयोजक सकाळी आतलं दाखवून घेतात आणि जेवणानंतर पुन्हा दहा मिनिटं दारासमोर आणतात. कार्यक्रमपत्रिकेत हे लिहिलेलं नसतं, नोंदणी करतानाच विचारा.

आत शिरलं की गर्दी उजव्या हाताला वाहते, कारण संत फ्रान्सिस झेवियरची समाधी तिकडच्या दालनात आहे. तिच्याबरोबर वाहून जाऊ नये. आधी मधल्या दालनात थांबून उलटीकडे, म्हणजे डाव्या भिंतीकडे बघावं. तिथे दों जेरोनिमो माश्कारेन्यस याचं सोनेरी स्मारक आहे. कोचीनचा हा कप्तान १५९३ मध्ये वारला आणि त्याने मागे ठेवलेल्या पैशातून हे चर्च उभं राहिलं. समोरच्या भिंतीला कोरीव लाकडी व्यासपीठ आहे. मग मुख्य वेदी. खाली बाळ येशूची लहान मूर्ती, तिच्यावर जेझुइट पंथाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला पुरुषभर उंचीचा, आणि त्याच्या वर तेजोवलयात पुन्हा तीच तीन अक्षरं. चर्च ज्याच्या नावाचं तो बाळ येशू लहान आणि पंथाचा संस्थापक भलाथोरला, यात सत्तेचं जे गणित आहे ते मराठी मंडळींना फार समजावून सांगावं लागत नाही.

समाधीपाशी बहुतेक मार्गदर्शक घसरतात. डोळ्यांसमोर जे एकसंध दिसतं त्यात दोन वेगळ्या काळांतली, दोन वेगळ्या देशांतली कामं आहेत. वरची चांदीची पेटी गोव्याच्या कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवली. तिच्यावर संताच्या आयुष्यातले प्रसंग उठावात आहेत. खालचा संगमरवर आणि रंगीत जॅस्पर दगडांचा तीन टप्प्यांचा चौथरा फ्लॉरेन्सचा. टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याला संताच्या डोक्याखालची उशी भेट गेली होती, तिची परतफेड म्हणून त्याने हा चौथरा पाठवला. शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी. सुटे भाग जहाजाने आले आणि १६९८ मध्ये इथे जोडले गेले. चौथऱ्याच्या चार बाजूंना काशाचे चार पट आहेत: प्रवचन, बाप्तिस्मा, पाठलाग आणि मृत्यू. चौथा पट चीनच्या किनाऱ्यावरच्या बेटाचा आहे. ३ डिसेंबर १५५२ रोजी झेवियर तिथे वारला. शव मलाक्कामार्गे १५५४ मध्ये गोव्यात आलं.

साल पाठ करायची गरज नाही, पण एक क्रम डोक्यात ठेवावा: आधी चांदी, साठ वर्षांनी संगमरवर. कारण पुण्याच्या गटात प्रश्न ठरलेला असतो, "संभाजी महाराज इथवर आले होते का हो?" नोव्हेंबर १६८३ मध्ये मराठ्यांनी जुवे बेटावरचा किल्ला घेतला, तो पोर्तुगीजांच्या राजधानीपासून, म्हणजे जुन्या गोव्यापासून, हाकेच्या अंतरावर. तो सोडवायला गेलेला पोर्तुगीज विजरई (राजप्रतिनिधी) काउंट ऑफ आल्व्हर मार खाऊन परतला आणि या चर्चमध्ये येऊन त्याने शवपेटी उघडवली, आपला अधिकारदंड संताच्या शवापाशी ठेवला आणि 'आता तूच वाचव' असं विनवलं. थोड्याच दिवसांत औरंगजेबाचा मुलगा शहाआलम याची मुघल फौज कोकणात उतरत असल्याच्या बातमीने मराठे मागे फिरले; श्रेय पोर्तुगीजांनी संताला दिलं. हा प्रसंग रंगवून सांगताना "याच संगमरवरावर विजरईने डोकं टेकलं" असं कोणी म्हणालं, तर संगमरवर यायला अजून पंधरा वर्षं होती एवढं लक्षात असू द्या. चांदीची पेटी मात्र तीच.

धर्मन्यायसभेचा, म्हणजे इन्क्विझिशनचा, प्रश्नही निघतोच. ती गोव्यात १५६० मध्ये सुरू झाली, झेवियरच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. मात्र तिची मागणी करणारं पत्र त्याने हयातीत पोर्तुगालच्या राजाला लिहिलं होतं. दोन्ही गोष्टी एका दमात सांगणारा मार्गदर्शक विश्वासाचा. एकच सांगणारा, मग ती कोणतीही असो, प्रचारक. मात्र ही चर्चा समाधीसमोर उभं राहून करू नये. तिथे माणसं गुडघे टेकून प्रार्थना करत असतात. बाहेर झाडाखाली जागा भरपूर आहे.

पेटी उंचावर आहे, खालून तिच्या पट्ट्या नीट कळत नाहीत. आठ पट वाढवणारी साधी दुर्बीण असेल तर चांदीतला एकेक चेहरा दिसतो, पक्षीनिरीक्षणाची चालते. पेटी खाली उतरवून शवदर्शन होतं ते साधारण दहा वर्षांतून एकदा. मागचं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालं, तेव्हा शव समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेलं होतं. "शव दाखवतील का" या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे पुढची काही वर्षं नाही असंच आहे.

सेवेतल्या उणिवा. पहिली, गटाचा आकार. पंधरापलीकडे माणसं गेली की आवाज पोचत नाही, आणि चर्चमध्ये मोठ्याने बोलता येत नाही. कानात लावायचे छोटे रिसीव्हर देतात का ते विचारा. देत असतील तर बॅटरी बसमधून उतरण्याआधी तपासून घ्या. मधल्या दालनात पोचल्यावर रिसीव्हर बंद पडला की मागचे पाच जण मोबाइल बघायला लागतात. दुसरी, रविवार. सकाळी प्रार्थना असते, त्यामुळे पर्यटकांना प्रवेश उशिरा मिळतो. चर्चचा कार्यक्रम शनिवारी आणि समुद्र रविवारी, असाच क्रम हवा. याच्या उलट आखणी दिसली तर आयोजकाने बसची सोय बघितली, चर्चची नाही. तिसरी, २४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर. हे नोव्हेनाचे, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनांचे, आणि संताच्या फेस्ताचे (सणाचे) दिवस. तेव्हा जाणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात मंदिराची वास्तुकला बघायला जाणं. फेस्त बघायचं तर जरूर जा, अभ्यासाला नको.

कपड्यांची अट पाळावी लागते: बिनबाह्यांचे कपडे आणि आखूड चड्डी चालत नाही. स्टोल किंवा उपरणं पिशवीत असू द्या. प्रवेशाला तिकीट नाही, म्हणून शुल्कात 'प्रवेश फी' धरलेली दिसली तर ती कशाची, हे पुणेरी पद्धतीने विचारायला हरकत नाही. आत माणसं उभी करून फोटो काढायला मनाई आहे, वेदीसमोर सेल्फी काढणाऱ्यांना रखवालदार उठवतात.

बसचा प्रवास. बसला दहा-बारा तास लागतात आणि सकाळी अंग आंबलेलं असतं. बहुतेक आयोजक हॉटेलात तासभर देतात, तो दोन तास करून मागावा. पेंगुळलेल्या माणसाला दगडातला फरक दाखवून उपयोग नसतो. साठीच्या पुढच्यांनी आदल्या दिवशी पोचून पणजीतच गटात सामील व्हावं; हॉटेलचं एका रात्रीचं भाडं वाढतं, पण शनिवार हातात राहतो.

से कॅथेड्रल रस्त्यापलीकडे आहे, त्याला अर्धा तास पुरतो. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, त्यामुळे समोरून इमारत लंगडी दिसते. पण सेंट ऑगस्टिन चर्चचे पडके अवशेष कार्यक्रमात नसतील, तर आग्रह धरून घालायला लावा. बॉम जीझसपासून चढ चढत दहा-पंधरा मिनिटं चालायचं. ४६ मीटरचा मनोरा होता, त्यातला अर्धाच उभा आहे. १८३५ मध्ये ही जागा सोडून दिली, १८४२ मध्ये छताची कमान आत पडली, १९३१ मध्ये मनोऱ्याचा दर्शनी भाग ढासळला. दगड तोच, जांभा. खाली उतरल्यावर बॉम जीझसच्या उघड्या भिंतीकडे पुन्हा बघायला याच वेळी थांबवावं. गिलाव्याच्या वादावर तासभर बोलण्यापेक्षा हे दहा पट लवकर पटतं. ऊन चढायच्या आत जायचं असेल तर हा टप्पा सकाळी सगळ्यात आधी घ्या, पाण्याची बाटली बरोबर ठेवा, वर काही मिळत नाही. पावसाळ्यात तिथली फरशी शेवाळाने निसरडी होते, गुळगुळीत तळाची चप्पल घालून जाऊ नये.