कोऱ्या ॲल्युमिनियमला आधी काय मारायचं, एचिंग प्रायमर की इपॉक्सी?

नवा ॲल्युमिनियमचा पत्रा आणला आणि रंगाच्या दुकानात प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मागायला गेलं की एकजण म्हणतो एचिंग मारा, दुसरा म्हणतो सरळ इपॉक्सी मारा, आणि दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असतंय, तिथंच माणूस अडकतो. मी दोन्ही वापरलंय. बेळगावजवळच्या खानापूरकडं आमचा दुधाचा टेम्पो आहे, मागची बॉडी सगळी ॲल्युमिनियम पत्र्याची, रिपिट मारलेली, आणि दूध सांडतंय म्हणून रोज धुवावी लागते. म्हणजे रंगाची परीक्षा रोजच. रेड ऑक्साइडचं मी बोलतच नाही, ते लोखंडाचं काम.

आधी घासणीचं सांगतो, कारण ती नीट नसेल तर कुठलाच डबा कामाचा नाही. ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर लगेच ऑक्साइडचा पातळ थर धरतो, डोळ्याला दिसत नाही पण त्या चकचकीत थरावर रंग नीट पकड धरत नाही. म्हणून पहिल्यांदा थिनरनं तेल काढायचं, स्वच्छ फडक्यानं, फडकं बदलत बदलत, आणि मगच घासायचं. उलटं केलं तर तेल घासून घासून आत बसतं. मी १८०चा पॉलिश पेपर आणि मरून स्कॉचब्राइट, म्हणजे घासायची खरखरीत घासणी, वापरतो. लोखंडावर वापरलेला तारेचा ब्रश मात्र इकडं आणायचाच नाही, लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि ओल लागली की तिथूनच पत्रा खायला सुरुवात होते. घासून झालं की मगभर पाणी ओतून बघा. पाणी एकसारखं पसरून उतरलं तर ठीक, कुठं थेंब थेंब होऊन तुटलं तर तिथं अजून तेल आहे, परत पुसा, परत घासा. मग पत्रा पूर्ण वाळवून त्याच दिवशी प्रायमर, उद्यावर ठेवायचं नाही.

आता एचिंग. यात फॉस्फोरिक ॲसिड असतं, ते धातूला किंचित चावतं आणि तिथंच धरतं. कोट अगदी पातळ, दहा मायक्रॉनच्या आसपास, पत्रा खालून थोडा दिसला तरी चालतो, उलट जाड मारला तर बिघडतो. पटकन वाळतो, रिपिटच्या कडेला, घडीत, जिथं पेपर नीट पोचत नाही तिथंही बऱ्यापैकी धरतो. खर्चही कमी. उन्हाळ्यात, एकाच दिवसात सगळं उरकणार असाल तर मी याला नावं ठेवणार नाही. पिवळट रंगाचा असेल तर त्यात क्रोमेट असण्याची शक्यता असते, ते घातक आहे, साधा रुमाल बांधून मारू नका, चांगला मास्क घ्या.

पण माझं मन ज्यानं उडालं ते म्हणजे ओल. एचिंगचा थर वरचा कोट बसेपर्यंत ओलीला फार हळवा असतो. जुलैचे दिवस, आमच्याकडं कणकुंबी-जांबोटीच्या बाजूनं पाऊस सुरू झाला की चार चार दिवस कपडे वाळत नाहीत. दुपारी डाव्या दाराला एचिंग मारला, छान दिसत होता, संध्याकाळी वरचा कोट मारायचा तर वीज गेली, कॉम्प्रेसर बंद. शेजारचे काका येऊन म्हणाले, "काय करूलायस रे, सकाळी मार की." सकाळी पत्र्यावर दव साचल्यागत ओल होती, पुसून, वाळवून रंग मारला. दिसायला एक नंबर. दोन-अडीच महिन्यांत बिजागरीजवळ एक फोड आला, नखानं उचलला तर दुधावरची साय निघावी तसा रंग हाताएवढा सुटून आला, आणि खाली पत्रा लख्ख. म्हणजे वरचा रंग चांगला होता, पाय धरणारा थरच सुटला होता. तुमच्याकडं बंद शेड असेल, वीज जात नसेल, तर कदाचित हा त्रास होणारही नाही, पण आपल्या भागात पावसाळ्यात घड्याळाशी बांधलेलं काम मला परवडत नाही.

तेच दार परत कोऱ्या पत्र्यापर्यंत घासून इपॉक्सी मारला. हा दोन डब्यांचा, हार्डनर मापानं घालायचा, अंदाजानं नाही, आणि मिसळल्यावर डब्यावर सांगितलं असेल तर वीस-तीस मिनिटं तसाच ठेवायचा, तेवढा वेळ जीवावर येतो खरा. घासणीही एचिंगपेक्षा जास्त मागतो, कारण याला ॲसिडचा चावा नाही, पेपरच्या ओरखड्यांवरच सगळी भिस्त. पण एकदा वाळला की पाणी आत सोडत नाही, वरचा कोट दुसऱ्या दिवशी मारला तरी चालतो, फक्त डब्यावरची मुदत टळली तर हलकं घासून घ्यायचं. पत्र्याला पोचे असतील तर लांबी, म्हणजे पोचे भरायची पुट्टी, यावर नीट बसते, एचिंगवर सरळ लांबी लावायची नसते. थंडीत मात्र हा फार रेंगाळतो, डिसेंबर-जानेवारीत मी सकाळी मारतच नाही, ऊन चढून पत्रा कोमट झाला की मगच. ओल्या हवेत वर कधी मेणचट चिकटपणा येतो, तो कोमट पाण्यानं धुऊन काढल्याशिवाय पुढचा कोट नको. आणि उन्हात नुसता इपॉक्सी भुकटी धरतो, वर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा रंग, पाहिजेच.

त्या दाराला आता तीन पावसाळे झाले. गेल्या महिन्यात आतल्या कोपऱ्यात ब्लेडनं चौकडी मारून टेप चिकटवून खसकन ओढली, एक चौकोनही निघाला नाही. हे काही प्रयोगशाळेतलं मोजमाप नाही, एका टेम्पोचा अनुभव आहे, पण धुणं-पावसाचं काम असेल तर मी इपॉक्सीकडंच झुकेन. बारीक ओतीव भाग, पेपर न पोचणारे कंगोरे असतील तर एचिंग घ्या बिनधास्त, पण सूर्य मावळायच्या आत वरचा कोट झाला पाहिजे असं बघा.

काहीजण दोन्ही मारू म्हणतात, खाली एचिंग वर इपॉक्सी. बऱ्याच कंपन्या याला नको म्हणतात, कारण उरलेलं ॲसिड इपॉक्सीच्या हार्डनरला खातं आणि तो खालून कच्चा राहतो. तेव्हा दोन्ही डबे घ्यायच्या आधी कंपनीचा माहितीचा कागद मागून एकावर एक चालतं का ते वाचून घ्या, दुकानदाराच्या नुसत्या तोंडी "चालतंय की" वर जाऊ नका.