अंगाला नेमकं काय चोपडायचं? काचणं टाळायच्या काडीचा आणि बाकीच्या मलमांचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू लाज सोडून लिहितेय, कारण काख, जांघ, ब्राच्या पट्ट्याखालची जागा, सीटवर टेकणारा भाग ही नावं घेतल्याशिवाय याच्यावर काही लिहिताच येत नाही. सायकलचा गिअर, बुटाचा सोल यांवर लोक तासन्‌तास बोलतील पण "तुझं कुठे कुठे सोलवटतं" असं कोणी कोणाला विचारत नाही, आणि मग पहिल्या लांब ट्रायथलॉननंतर (पोहणं, सायकल आणि पळणं, सगळं एकाच रेसमध्ये) शॉवरखाली उभं राहिलं की कळतं. ती आग ज्याने अनुभवली आहे त्याला पुढचं सगळं पटेल.

माझी पहिली हाफ ट्रायथलॉन, म्हणजे 1.9 किमी पोहणं, 90 किमी सायकल, 21.1 किमी पळणं. न्यूट्रिशनचा तक्ता केला होता, दोन टायरट्यूब घेतल्या होत्या, अंगाला मात्र काहीच लावलं नव्हतं कारण ट्रेनिंगमध्ये कधी काचलं नव्हतं. ट्रेनिंगमध्ये मी तलावात स्विमसूटवर पोहायचे, सायकल वेगळ्या शॉर्ट्सवर आणि पळणं तिसऱ्याच कपड्यांत, प्रत्येकाच्या मधे आंघोळ. रेसमध्ये एकच ट्रायसूट (तिन्हींसाठी घालायचा एकच घट्ट सूट), तो पाण्यात भिजलेला, मग घामाने, मग परत मीच डोक्यावर ओतलेल्या पाण्याने. संपल्यावर मानेला मागून फास लावल्यासारखा लाल पट्टा, काखेत साल निघालेली, आणि हार्ट रेटच्या पट्ट्याखाली छातीवर एक सरळ रेघ जी तीन आठवडे गेली नाही.

त्यानंतर फुल डिस्टन्सच्या तयारीत (3.8 किमी, 180 किमी आणि वर 42.2 किमी) मी चार गोष्टी नीट वापरून पाहिल्या. ब्रँडची नावं मुद्दाम टाकत नाहीये, कारण एका प्रकारातल्या डब्यांवरची घटकांची यादी वाचली तर फरक बहुतेक वासाचाच असतो.

काडी

म्हणजे डिओडरंट स्टिकसारखी फिरवून वर येणारी मेणकट कांडी. मेण आणि वनस्पती तेलापासून केलेले ट्रायग्लिसराइड, पाणी जवळजवळ नाही. मला यातलं सर्वात आवडलेलं काय तर हाताला काही लागत नाही. ऐकायला किरकोळ वाटतं पण पहाटे अंधारात मलम लावून त्याच बोटांनी गॉगल घातला की काच तेलकट होते आणि पुढचा तासभर धुक्यात पोहायचं. काडी सरळ कातडीवर घासायची आणि झाकण लावायचं.

मानेला, काखेत, दंडाच्या आतल्या बाजूला, ब्राच्या खालच्या कडेला काडी एकदम फर्स्टक्लास. मान का, तर 3.8 किमीमध्ये दर दोन हातांनी श्वास घेतला तर मान दीडेक-दोन हजार वेळा वळते, आणि वेटसूटच्या (थंड पाण्यात पोहताना घालायचा रबरी सूट) कॉलरची कड तेवढ्याच वेळा त्याच जागी घासते. खारं पाणी असेल तर अजूनच वाईट. मी कॉलरच्या रेघेच्या बोटभर वर आणि बोटभर खाली लावते, कारण पाण्यात सूट थोडा सरकतोच. एक बोनस म्हणजे पोटऱ्यांना आणि मनगटांना लावली की वेटसूट सोलून काढताना पायात अडकून उड्या माराव्या लागत नाहीत.

आता तोटा. काडी टिकते किती? डब्यावर दिवसभर वगैरे लिहिलेलं असतं, माझ्या अंगावर कोरड्यात चार-पाच तास, पोहून आल्यावर त्याहून खूप कमी. म्हणजे पहाटे लावलेली काडी पळण्याच्या वेळी अंगावर असेल असं समजून चालूच नका. आणि जाड थर बसत नाही, त्यामुळे जिथे कातडीवर कातडीच घासते (मांडीच्या आत, ज्यांच्या मांड्या टेकतात त्यांना कळेल) तिथे ती अर्ध्या पळण्यात संपते. उन्हात राहिलेली काडी वितळून झाकणात बसते हे वेगळंच.

पाचपैकी चार. एक मार्क दिवसभरवाल्या दाव्याचा कापला.

पेट्रोलियम जेली

सगळ्यांच्या घरात असलेली. रॉबर्ट चेसब्रो नावाच्या माणसाने 1872 मध्ये पेटंट घेतलेली वस्तू अजून तशीच चालतेय म्हणजे काम करते हे उघड आहे. पायाच्या बोटांमधे, टाचेला, आणि पुरुषांना स्तनाग्रांवर हिच्यासारखं जाड आणि चिवट दुसरं काही नाही. माझा ट्रेनिंग पार्टनर एकदा पांढऱ्या टीशर्टवर दोन लाल रेघा घेऊन परत आला होता, त्याने टीशर्ट बदलून बघितला, जेली लावून बघितली, शेवटी वॉटरप्रूफ चिकटपट्टीवर आला. घामाने जेलीसुद्धा शर्टात मुरते, पट्टी मुरत नाही. फक्त ती लावायच्या आधी त्या जागी काहीही तेलकट नको, नाहीतर पहिल्या पाच किमीतच लोंबायला लागते.

पण वेटसूटच्या आत जेली नको. वेटसूट बनवणारे स्वतःच सांगतात की पेट्रोलियमवालं काही लावू नका, रबर आणि शिवणीचा गोंद खराब होऊ शकतो. मी आधी ऐकलं नव्हतं, माझ्या जुन्या सूटची कॉलर आता मऊ पडून सुरकुतलीय, जेलीमुळेच की वयामुळे ते देव जाणे, पण नव्या सूटला मी जेलीचं बोटही लावत नाही. शिवाय वाळूचा किनारा असेल तर जेलीला वाळू चिकटते आणि मग तुम्ही मांडीला पॉलिश पेपर लावून पळताय. कपड्यावरचे डागही जाता जात नाहीत.

पाचपैकी तीन, तेही पावलांसाठी.

सिलिकॉनचं जेल

डब्यावर डायमेथिकोन लिहिलेलं दिसेल. हे मला सर्वात उशिरा सापडलं आणि खरं सांगायचं तर मांडीसाठी हाच माझा निकाल. पाण्याने धुऊन जात नाही, कातडी तेलकट न वाटता नुसती गुळगुळीत होते, आणि जिथे काडी अर्ध्या रस्त्यात संपायची तिथे हे पळणं संपेपर्यंत राहिलं. वेटसूटवालेही याला ओरडत नाहीत.

पण पातळ असल्यामुळे जरा जास्त पिळलं की ओघळतं. आणि हाताने लावावं लागतं, मग तोच हात हँडलबारवर, बाटलीवर. एकदा बाटली हातातून अशी सटकली की मागच्या सायकलवाल्याने काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. आता एकदा वापरायचा पातळ हातमोजा घालून लावते आणि मोजा तिथेच कचऱ्यात. साडेचार.

सायकलचं क्रीम

ज्याला सगळे शॅमी क्रीम म्हणतात ते. शॉर्ट्सच्या आतल्या पॅडवर पण लावायचं आणि कातडीवर पण, आणि आत अंडरवेअर घालायची नाही, हे नवीन लोकांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं कारण अंडरवेअरची शिवण म्हणजे पाच तासांची करवत. लांब राइडच्या ट्रेनिंगला, पाच-सहा तास सीटवर, याला पर्याय नाही. पण त्यातला "कूलिंग" प्रकार घेऊ नका. मेंथॉल असतं त्यात. आधीच थोडं सोलवटलेलं असेल किंवा तुम्ही बाई असाल तर तो थंडावा थंडावा राहत नाही, मी पहिली चाळीस मिनिटं पेडलवर उभी राहून सायकल चालवलीय. बिनमेंथॉलचं, बिनवासाचं घ्या. ट्रायसूटचं पॅड पातळ असतं, त्यात सायकलच्या शॉर्ट्सएवढं क्रीम भरलं तर पळताना पचपच होते, तेव्हा निम्मंच लावा.

साधं क्रीम चार, मेंथॉलवालं शून्य.

पावडरचा वेगळा रिव्ह्यू करत नाही. कोरड्या कातडीवर पहिला अर्धा तास बरं वाटतं, घाम आला की गोळे होतात आणि ते गोळेच घासतात. बास.

आता जे मला मलमांपेक्षाही उशिरा कळलं ते. काचण्यामागे नुसता कपडा नसतो, ओल असते. कातडी भिजून मऊ झाली की कपडा तिला धरतो, सरकत नाही, आणि प्रत्येक पावलाला थोडी थोडी ओढतो, मॅरेथॉनमध्ये अशी 40 हजारांच्या आसपास पावलं पडतात. वरून घाम वाळला की मीठ उरतं, त्याचे कण त्या घर्षणात. त्यामुळे पूर्ण कोरडं अंग बऱ्यापैकी वाचतं, अर्धवट ओलं मरतं. मी उन्हात पळताना प्रत्येक पाण्याच्या स्टेशनवर दोन ग्लास डोक्यावर उपडे करायचे, ते पाणी पाठीवरून ओघळून थेट चड्डीत आणि बुटात. आता पाणी टोपीवर, मानेवर आणि हातांवर, पुढे वाकून, म्हणजे ते जमिनीवर पडतं. या एका बदलाने जांघेचं जेवढं भलं झालं तेवढं कुठल्या डब्याने नाही झालं.

आणि परत लावणं. फुलमध्ये वेळेची मर्यादा सहसा 17 तासांची असते, तिथे दोन मिनिटं थांबून परत चोपडलं तर कोणाचं काय जातं? माझ्या दोन्ही ट्रान्झिशनच्या (पोहण्यातून सायकलवर आणि सायकलवरून पळण्यावर जाताना सामान बदलायचा टप्पा) बॅगांत एक-एक छोटी काडी असते, आणि पळण्याच्या बॅगेत जेलचं छोटं पाकीट आणि एक हातमोजा. फक्त कपडे खाली करून लावायचं असेल तर कपडे बदलायच्या तंबूत जा, उघड्यावर नागडं व्हायला नियमात मनाई आहे. आणि आधी टॉवेलने टिपून घ्या. ओल्या, खारट कातडीवर मलम म्हणजे मीठ आत कोंडणं.

सनस्क्रीनचा क्रम पण महत्त्वाचा. आधी सनस्क्रीन, ते पूर्ण मुरू द्यायचं, नंतर काडी फक्त काचणाऱ्या जागी. उलटं केलं तर सनस्क्रीन बसतच नाही, मानेवर मला त्यामुळे काचलेलं आणि भाजलेलं असं दोन्ही एकाच पट्ट्यात मिळालंय. दंडावर नंबर लिहिणार किंवा चिकटवणार असतील तर ते सगळ्याच्या आधी, तेलकट कातडीवर नंबर धरत नाही. घोट्याचा, वेळ मोजायच्या चिपचा पट्टा बहुतेक सगळे विसरतात. डाव्या पायाला बांधतात, चेनपासून लांब राहावा म्हणून, आणि त्याची कड 42 किमी त्याच हाडावर आपटते, तिथे पण काडी.

वेटसूट मिळेल की नाही हे रेसच्या सकाळपर्यंत पक्कं नसतं, आयर्नमॅनच्या (अशा लांब ट्रायथलॉन भरवणारी कंपनी) नियमात हौशी लोकांना पाणी 24.5 अंशांपर्यंत असेल तर चालतो. नाही मिळाला तर मान वाचते पण ट्रायसूटची काखेची शिवण पाण्यात थेट घासते, म्हणजे लावायच्या जागा बदलतात. दोन्ही प्रकारे एकेकदा लांब पोहून बघा, त्याच सूटमध्ये, आणि तसंच ओल्याने सायकलवर बसा.

सूट मापाचा नसेल तर कुठलंच मलम वाचवत नाही हे पण सांगते. माझा पहिला ट्रायसूट एक साइज मोठा होता, "श्वास घेता येईल" म्हणून घेतलेला, मांडीवर त्याच्या घड्या पडायच्या आणि घडी तिथे जखम. घट्टसर, सपाट शिवणीचा, आणि आत लेबल असेल तर ते कापायचं नाही, शिवण उसवून काढायचं, कापलेल्या लेबलचं टोक मूळ लेबलपेक्षा जास्त टोचतं.

एवढं करूनही काचलंच तर कोमट पाणी, साधा सौम्य साबण, टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. गरम पाणी आणि स्पिरिट दोन्हीपासून लांब. मग झिंक ऑक्साइडचं मलम, लहान बाळांच्या लंगोटाच्या पुरळासाठी मिळतं तेच, आणि सैल सुती कपडे. दोन-तीन दिवस सायकल बंद, पळायचं असेल तर वेगळ्या शॉर्ट्स. लाली पसरायला लागली, पू दिसला, ताप आला तर डॉक्टर, तिथे लाजू नका, त्यांनी याहून वाईट पाहिलेलं असतं.

एकच डबा घेणार असाल तर सिलिकॉनवालं जेल घ्या, दोन घेणार असाल तर वर काडी. माझ्या फुलच्या दिवशी मान साफ, काखा साफ, जांघ फक्त गुलाबी. सोललं कुठे, तर पाठीवर ब्राच्या हुकाखाली, जिथे माझा हातच पोचत नाही. त्या जागेसाठी लांब दांड्याची काडी कोणी काढली तर सांगा, त्याचा रिव्ह्यू लिहायला मी तयार आहे.