ग्रो बॅगमध्ये पावसाळा आणि अख्खा हिवाळा काढला, ९ महिन्यांचा अनुभव

मागच्या जूनमध्ये पुण्यात आमच्या गच्चीवर एचडीपीईच्या (जाड प्लॅस्टिक कापडाच्या) १४ ग्रो बॅग, म्हणजे झाडं लावायच्या पिशव्या, आणल्या, ६ पसरट म्हणजे १८ बाय ६ इंचाच्या आणि ८ खोल, १५ बाय १५ च्या. आता फेब्रुवारी संपत आला, हिवाळ्याचा भाजीपाला काढून झालाय म्हणून लिहितेय.

आधी बॅगेबद्दल. कापड टिकलंय, फक्त दुपारचं ऊन खाणाऱ्या बाजूचा रंग उडालाय आणि शिलाईजवळ दोन ठिकाणी धागे सुटलेत. हँडलवर मात्र अजिबात विसंबू नका, १५ इंची बॅग माती भिजल्यावर सहज ४० किलोची होते आणि आम्ही दोघं ती एकदा सरकवायला गेलो तर एक हँडल शिलाईसकट हातात आलं, म्हणून आता रिकाम्या असतानाच जागेवर ठेवते आणि खाली दोन-दोन विटा देते, पावसाळ्यात गच्चीला टेकलेल्या बॅगांची भोकं चिखलाने बुजून पाणी साचलं होतं आणि त्यात दोन भेंडीची झाडं गेली.

खरा फरक पडला तो प्लॅनिंगने. त्याच्या आदल्या वर्षी कुंड्यांमध्ये सगळं दिवाळीनंतर पेरलेलं, फ्लॉवर गड्डा धरेपर्यंत मार्च उजाडला आणि उन्हाने सगळा विसकटला, खूप वाईट वाटलं होतं. यावेळी गणपतीच्या आधीच वही घेऊन बसले आणि उलटं मोजलं. टोमॅटोचं रोप व्हायला २५-३० दिवस, लावल्यावर पहिली तोडणी यायला अजून दोन-अडीच महिने, म्हणजे डिसेंबरमध्ये टोमॅटो हवेत तर बी ऑगस्टअखेर ट्रेमध्ये पडलंच पाहिजे. फ्लॉवरचं बी सप्टेंबरमध्ये टाकलं. मटार आणि गाजर मात्र थेट बॅगेत, ऑक्टोबरअखेर जरा गारवा आल्यावर, कारण गाजराचं रोप उपटून लावलं की मूळ वाकडं होतं.

पालेभाजीला पसरट बॅग एक नंबर. मेथी एकदम न पेरता दर १५ दिवसांनी एक बॅग, त्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारी घरची मेथी कधी तुटली नाही. कोथिंबिरीचे धणे मी आधी अख्खेच टाकत होते, सासूबाई म्हणाल्या अगं चपलेखाली रगड, एका धण्याचे दोन भाग झाले पाहिजेत, तसं केल्यावर उगवण केवढी दाट आली! मुळा मात्र ६ इंचात लावू नका, बुडाला टेकून आडवा वळला. तोच १५ इंचीत सरळ आला.

पाण्यात माझी चूक झाली. बॅगेतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वरून सुकं दिसतं पण आत ओलं असतं, थंडीत तर दोन-दोन दिवस, आणि मी रोज पाणी घालत राहिल्याने मेथीची एक बॅग मर रोग लागून, म्हणजे रोपं कोमेजून, गेली. आता बोट दोन पेरं आत घालून बघितल्याशिवाय पाणी नाही. जानेवारीत ढगाळ हवेत फ्लॉवरवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) आला, १ लिटर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि दोन थेंब भांड्याचा साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारलं, ४-५ दिवसांनी परत एकदा, तेव्हा आटोक्यात आला.

परत घेईन का, तर पसरट नक्की घेईन, खोल घेताना जास्त जीएसएमच्या (म्हणजे जाड कापडाच्या) आणि दुहेरी शिलाईच्या बघेन. सध्या निम्म्या बॅगा रिकाम्या करून माती ताडपत्रीवर वाळत घातलीये, निंबोळी पेंड आणि गांडूळखत मिसळून परत भरायचीये, आणि दोन बॅगांत गवार पेरलीये, परवाच कोंब दिसले.