बेस मॉडेलवर चढवलेला साज, वर्षभरानंतर

टॉप मॉडेलचे लाख-सव्वा लाख वाचवायचे, बेस मॉडेल उचलायचं आणि हवं ते बाहेरून बसवून घ्यायचं, हा हिशोब आपल्याकडे जुनाच. मीही तोच केला. छोटी पेट्रोल हॅचबॅक, दोन एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर आणि म्युझिक सिस्टिमच्या जागी प्लास्टिकचं झाकण. सेन्सर काही कंपनीच्या कृपेने मिळालेले नाहीत. १ जुलै २०१९ पासून ते सक्तीचे आहेत.

गाडी नाशिकला असते आणि रात्री रस्त्यावरच उभी राहते, कारण सोसायटीतलं पार्किंग आमच्या वाट्याला आलेलं नाही. सासुरवाडी वर्ध्याची, त्यामुळे सिन्नरजवळ समृद्धी महामार्ग पकडून येळाकेळीला उतरणं नेहमीचं. विदर्भातला उन्हाळा आणि कसाऱ्याचा पावसाळा असं दोन्ही पाहून झाल्यावर हे लिहितोय, त्यामुळे ‘पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेत’ छापाचं यात काही नाही. एवढं आधीच सांगतो: खोक्यावर काय छापलंय त्यापेक्षा ते कोणी आणि कसं बसवलं, यावरच सगळं ठरतं. माझ्या खर्चातला सगळ्यात सार्थकी लागलेला पैसा मजुरीचा आहे.

सुरुवात सगळ्यात स्वस्त वस्तूपासून. टायरमधली हवा दाखवणारं यंत्र, म्हणजे टीपीएमएस. चार सेन्सर टोपीसारखे वॉल्व्हवर बसतात आणि डॅशबोर्डवर एक छोटा डिस्प्ले, तोही सौर. साडेतीन हजारांच्या आत काम झालं. समृद्धीवर ताशी १२० ची मर्यादा आहे, रस्ता बहुतेक सगळा काँक्रीटचा, आणि मे महिन्यात दुपारी एकला तो तव्यासारखा तापतो. टायर फुटण्याच्या घटना इतक्या झाल्या की आरटीओची माणसं प्रवेशाच्या नाक्यावर टायर तपासायला उभी राहू लागली. तिथे हे यंत्र काय करतं ते समोर दिसतं. सकाळी गार टायरमध्ये ३३ पीएसआय भरलेली हवा जालना मागे पडेपर्यंत ३८ च्या आसपास जाते. पहिल्यांदा आकडा चढताना पाहिला की हवा सोडावीशी वाटते. सोडू नका. कंपनी जो आकडा सांगते तो गार टायरचा असतो. गरम असताना सोडलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर उभा असेल, आणि कमी हवेचा टायर जास्त मुडपतो, म्हणून जास्त तापतो. फुटतो बहुतेक वेळा तो.

एकदा मेहकरच्या अलीकडे तीन चाकं ३७-३८ ला आणि मागचं डावं ३१ वरून हळूहळू खाली. स्टिअरिंगला काहीही जाणवत नव्हतं, गाडी सरळ चालली होती. पुढच्या पंपावर थांबून पाहिलं तर खिळा. ट्यूबलेस असल्यामुळे हवा निवांत जात होती. यंत्र नसतं तर कळलं असतं ते थेट टायर बसल्यावर, तेही १०० च्या वेगात. बाकी काहीही बसवू नका, पण हे बसवा, असं मी आता भेटेल त्याला सांगतो.

त्रास आहेच. हवा भरायला प्रत्येक वेळी टोपी काढावी लागते, आणि चोरी होऊ नये म्हणून तिच्याखाली नट दिलेला असतो. त्याचा पाना ग्लोव्हबॉक्समध्ये शोधेपर्यंत पंपावरचा पोरगा मागच्या गाडीकडे निघून जातो. मी नट काढूनच टाकले. सेन्सरमधली बटण-बॅटरी वर्षभरात बदलावी लागते. आणि धोक्याची मर्यादा स्वतः सेट करा. माझ्यातल्या मूळ सेटिंगमध्ये कमी हवेचा भोंगा इतका खाली होता की तो वाजेपर्यंत टायरचं नुकसान झालेलं असतं. मी २८ वर ठेवला आहे.

डॅशकॅमवर, म्हणजे काचेला लावून रस्ता टिपत राहणाऱ्या कॅमेऱ्यावर, मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. घेताना एकच गोष्ट हट्टाने पाहिली: आत लिथियम बॅटरी नको, सुपरकपॅसिटर हवा. वर्ध्याला मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे जी भट्टी पेटते, तिथे लिथियम बॅटरी फुगते. कपॅसिटरवाला आजवर तग धरून आहे. डिंक मात्र पहिल्याच उन्हाळ्यात सुटला आणि कॅमेरा तारेला लोंबकळत होता. काच स्पिरिटने पुसून, चांगली दुहेरी टेप लावून पुन्हा बसवला, तेव्हापासून हललेला नाही. कार्ड साधं घालू नका. त्यावर रात्रंदिवस लिहिणं-पुसणं चालतं, म्हणून ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलंच घ्या. पुढचा आणि मागचा असे दोन कॅमेरे चालू असतील तर १२८ जीबीत साधारण आठ-नऊ तास मावतात, मग जुनं पुसलं जाऊन नवं चढतं. म्हणजे अपघात झाला आणि तुम्ही तसेच दोन दिवस गाडी चालवत राहिलात, तर पुरावा गेला. धक्का ओळखून फाईल लॉक करण्याची सोय असते, पण बारीक धक्क्यांना ती ओळखत नाही, आणि नाशिकच्या स्पीडब्रेकरना मात्र हमखास ओळखते.

नाशिकच्या द्वारका चौकात एका टेम्पोने रिव्हर्स घेत माझ्या बंपरला टेकवलं आणि उतरून वर मलाच दम देऊ लागला. ‘कॅमेरा आहे, दाखवू का?’ एवढ्यावर आवाज खाली आला. चित्र दाखवायची वेळही आली नाही. प्रकरण पोलिसांपर्यंत किंवा कोर्टात जाणार असेल तर नुसता व्हॉट्सॲपवर पाठवलेला तुकडा पुरत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं ६५ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. मूळ कार्ड काढून बाजूला ठेवायचं आणि दुसरं घालायचं. मी एक जास्तीचं कार्ड पाकिटातच ठेवतो.

जाहिरातीत सांगत नाहीत ते असं की रात्री समोरच्या गाडीचा नंबर वाचता येत नाही. नव्या नंबरप्लेट प्रकाश परतवणाऱ्या असतात. आपल्याच हेडलाइटचा उजेड त्यावर पडून पांढरा ठिपका दिसतो. २के असो वा ४के, यात फार फरक पडत नाही. दिवसा मात्र दोन-तीन गाड्यांच्या अंतरापर्यंत नंबर स्वच्छ येतो. आवाजाचं रेकॉर्डिंग मी पहिल्याच आठवड्यात बंद केलं. गाडीत नवरा-बायको काय बोलतात ते पुरावा म्हणून जपायची गरज नसते.

वायर सिगारेट लायटरमध्ये खुपसू नका, फ्यूजबॉक्समधून घ्या, आणि कमी व्होल्टला आपोआप तुटणारं किट लावा. माझं १२ व्होल्टला तुटतं. तरी पार्किंग मोड, म्हणजे गाडी बंद असतानाही कॅमेरा चालू ठेवण्याची सोय, मी रोज चालवत नाही. आमच्या गाडीची बॅटरी ३५ एएचची, आणि आठवडाभर गाडी हलली नाही तर सकाळी सेल्फ मारताना कुंथते. लग्नाच्या हॉलबाहेर, बाजारात, एवढ्यापुरता चालू करतो. आणखी एक: ज्यांच्या गाडीला कर्टन एअरबॅग, म्हणजे खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या, आहेत त्यांनी खांबाच्या पॅनेलमधून वायर नेताना फिटरच्या शेजारी उभं राहावं. वायर एअरबॅगच्या मागून जायला हवी. पुढून नेली तर एअरबॅग उघडताना ती आडवी येते. घाईतला फिटर पुढूनच नेतो, कारण सोपं पडतं.

आता आवाज. इथे दुकानदारांची भाषा सगळी वॉटची. ‘पन्नास गुणिले चार’ लिहिलेला स्टिरिओ प्रत्यक्षात सलग देतो चॅनलमागे पंधरा-वीस वॉट. ५० हा क्षणभराचा आकडा. म्हणून मी उलट्या क्रमाने गेलो: आधी दरवाजे, मग स्पीकर, मग ॲम्प्लिफायर. स्टिरिओ साधाच. बेस मॉडेलचा दरवाजा म्हणजे पत्र्याचा डबा, त्यात कितीही महाग स्पीकर लावा, पत्राच वाजणार. चारही दरवाज्यांना ब्यूटाइलचं, वरून ॲल्युमिनियमचा कागद असलेलं डॅम्पिंग केलं, म्हणजे पत्र्याची थरथर मारणारे पॅड चिकटवले. बाहेरच्या पत्र्याला आतून, आणि आतल्या पत्र्याची भोकं बंद. खर्च नऊ हजारांच्या घरात. त्याच दिवशी, स्पीकर लावायच्या आधीच, दरवाजा बंद होण्याचा आवाज बदलला होता. वडिलांनी दोनदा उघडझाप करून पाहिलं आणि विचारलं, ‘दरवाजे बदलले का रे?’

मग पुढे साडेसहा इंची कॉम्पोनंट, म्हणजे ट्विटर, बारीक सुरांचा छोटा स्पीकर, वेगळा. मागे काहीच नाही. मागचे स्पीकर मागच्यांसाठी असतात, आणि आमच्याकडे मागे बसतात त्यांना गाणं नकोच असतं. चार चॅनलचा ॲम्प्लिफायर सीटखाली, दोन चॅनल रिकामे. स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे अगदी खर्जातलं, पाठवत नाही. ढोल-ताशाचा दणका त्यामुळे येत नाही हे मान्य, पण पखवाजाची थाप गोल येते आणि तानपुरा गायकाच्या मागे बसल्यासारखा ऐकू येतो. आधीच्या गाडीत तो नुसताच गुणगुणाट होता. ज्यांना डीजेचं ऐकायचं असेल त्यांनी सबवूफर घ्यावा, माझं काही म्हणणं नाही.

या कामात दोन भानगडी झाल्या, दोन्ही बसवण्याच्या. डॅम्पिंग करणाऱ्याने एका दरवाज्याच्या तळाची पाणी जायची भोकं चिकटवून टाकली होती. काचेवरून दरवाज्यात पाणी उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर जातं, तशी रचनाच असते. पहिल्या जोराच्या पावसानंतर वळणावर दरवाज्यातून कळशीसारखं डुचमळणं ऐकू आलं. पॅड उघडून ब्लेडने भोकं मोकळी केली तेव्हा कुठे पाणी निघालं. दुसरी भानगड शिळेची. इंजिनाचे आरपीएम वाढले की स्पीकरमधून बारीक शीळ चढायची. दुकानात ‘सेट होईल’ म्हणाले. शीळ सेट होत नसते. बॅटरीपासून आलेली जाड वायर आणि स्टिरिओची सिग्नलची वायर एकाच बाजूने बांधून नेली होती. दुसऱ्या एका मेकॅनिकने सिग्नल प्रवाशाच्या बाजूने नेला, अर्थिंगचा पॉइंट रंग खरवडून नव्याने घेतला, आणि शीळ गेली. जाड वायर घेताना टोक ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, घेऊ नका. आणि त्या वायरवर बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. नाहीतर वायर कुठे घासली तर सगळी आग गाडीत.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. डॅम्पिंगने काँक्रीटवरचा टायरचा घोंघाट जात नाही. तो फरशीतून आणि चाकांच्या कमानींतून येतो. दरवाज्यांनी वारा आणि ट्रकचे हॉर्न थोडे मऊ होतात, बस्स.

सुरक्षेसाठी गिअर लॉक आणि जीपीएस ट्रॅकर, दोन्ही लावले. गिअर लॉकबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लोखंड आहे, अडवतं. ट्रॅकरवाल्याचा आग्रह होता की मोबाइलवरून इंजिन बंद करणारा रिले घ्या. मी नाही घेतला. चालत्या गाडीचा पेट्रोल पंप बंद करणारी कुठलीही बाहेरची गोष्ट मला घाटात नको आहे. शिवाय त्यासाठी कंपनीची वायर कापावी लागते आणि मग वॉरंटीवाले तेच बोट दाखवतात. नुसतं ठिकाण दाखवण्याचं काम ट्रॅकर बरं करतो. कसाऱ्यात रेंज जाते तेव्हा तो मार्ग साठवतो आणि नंतर पाठवतो. वर्षाचं सिमचं भाडं वेगळं, ते विसरलात तर तो मुकाट्याने मेलेला असतो. आमच्याकडे त्याचा खरा उपयोग, मी ऑफिसातून निघालोय की ‘निघतोच आहे’, हे घरी कळण्यासाठी होतो.

नाकारलेल्या वस्तूंचीही यादी बरीच आहे. पुढचा लोखंडी गार्ड दुकानदार गळ्यात मारत होता. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे. धडकेचा जोर थेट चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, जातो आणि एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकू शकतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्बही नको म्हटलं. समोरच्याचे डोळे दिपवून आपल्याला काय मिळतं ते मला कधी समजलेलं नाही.

पण खरा राग आला तो सीट कव्हरच्या खरेदीवर ‘भेट’ मिळालेल्या दोन क्लिपांचा. बेल्ट न लावता बकलमध्ये खोचायच्या, म्हणजे भोंगा गप्प. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना या क्लिपा काढून टाकायला लावलं, आणि गल्लीतल्या दुकानात त्या फुकट वाटल्या जातात. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, ते मागच्या सीटवर होते, बेल्ट नव्हता. त्यानंतर महिनाभर सगळे मागच्या बेल्टबद्दल बोलत होते. त्याच दुकानातलं सीट कव्हर घरी येऊन पाहिलं तर मागची तिन्ही बकलं कापडाखाली गडप. परत जाऊन शिलाई उसवून घेतली आणि बकलं वर काढून घेतली. कव्हर बसवून घेतलेल्या कुणाच्याही गाडीत मागे हात घालून पाहा, बकल सापडतं का. आणि सीटमध्येच साइड एअरबॅग असेल तर साधं कव्हर घालूच नका, ती कव्हर फाडून बाहेर येईल या भरवशावर राहू नये.

विम्याचं शेवटी. स्टिरिओ, ॲम्प्लिफायर, कॅमेरा यांची बिलं देऊन ते पॉलिसीत ‘इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज’ म्हणून चढवून घेतलं. त्यांच्या किमतीच्या साधारण चार टक्के प्रीमियम वाढतो. चढवलं नाही तर चोरीनंतर त्यांची भरपाई मागता येत नाही. उलट, एआरएआयने, म्हणजे वाहनं तपासणाऱ्या पुण्याच्या संस्थेने, मान्यता दिलेलं चोरीविरोधी उपकरण असेल तर स्वतःच्या गाडीच्या विम्याच्या भागावर अडीच टक्के सूट मिळते, तीही फार तर ५०० रुपये. आमचा गिअर लॉक त्यात बसत नव्हता. एजंटला ही सूट माहीतच नव्हती, त्याला टॅरिफचा, म्हणजे विम्याच्या दरांचा, कागद मोबाइलवर दाखवावा लागला. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी मान्यतेचं प्रमाणपत्र असलेलं लॉक घ्यायचं की नाही, ते त्याच्या किमतीवर ठरवेन.