स्टारड्यू व्हॅली : इथे लग्नापेक्षा मैत्री जास्त रंगते

गेले कित्येक महिने रात्रीची कामं उरकली की मी स्टारड्यू व्हॅली उघडते. एरिक बॅरोननं एकट्यानं घडवलेला, २०१६ साली आलेला हा गेम शेतीचा म्हणून ओळखला जातो. मला मात्र गेममधल्या पेलिकन टाउन या गावातल्या माणसांनी धरून ठेवलंय.

नातं जमवायची पद्धत अगदी सोपी. रोज बोललं की थोडे गुण, आवडीची वस्तू दिली की भरपूर, आणि २५० गुण झाले की मैत्रीचं एक हृदय भरतं. एकाला आठवड्यात दोनच भेटवस्तू देता येतात, वाढदिवसाची तेवढी वेगळी आणि तिचं मोल आठपट. सुरुवातीला हे हिशेबी वाटतं. पण आवडीनिवडींमागे खरा माणूस आहे हे हळूहळू कळत जातं. गावातल्या पेनी या मुलीला बिअर दिलेली मुळीच खपत नाही. तिची आई पॅम गावातल्या बारमध्ये पीत बसते आणि तिला तीच बिअर जीव की प्राण. मायलेकी एका जुन्या ट्रेलरमध्ये राहतात. त्या घरात काय चाललंय हे मला या दोन नावडी-आवडींतूनच आधी समजलं.

माझा सगळ्यात आवडता माणूस लायनस. तंबूत राहणारा, रात्री गावातल्या कचऱ्याच्या डब्यांत अन्न शोधणारा. आपण डबा उचकटताना कुणाच्या नजरेस पडलो तर ते नाराज होतात आणि मैत्रीचे गुण घटतात. लायनसनं पाहिलं तर उलट वाढतात! असा बारकावा सुचायला माणसांवर जीव लागतो. तसाच केंट. पहिलं वर्षभर तो गावात नसतोच, युद्धावर असतो. दुसऱ्या वर्षी परततो आणि बायकोनं केलेल्या पॉपकॉर्नच्या फटफट आवाजानं कोलमडतो. लायनस असो वा केंट, यांच्याशी लग्नाचा पर्यायच नाही, तरी त्यांचे प्रसंग अजून मनातून जात नाहीत.

लग्नासाठी बारा जण आहेत. आठ हृदयांवर पुष्पगुच्छ द्यायचा, दहा झाली की पावसाच्या दिवशी किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या खलाशाकडून ५,००० नाण्यांचं लॉकेट घ्यायचं. इथवर सगळं सुरेख. मी पेनीशी लग्न केलं आणि तिथून पुढे मात्र गेमचा हात आखडला. जोडीदार सकाळी कधी पिकांना पाणी घालतो, कधी कुंपण दुरुस्त करतो, आणि तीच ती वाक्यं फिरून फिरून येतात. २०१९ च्या १.४ अपडेटमध्ये लग्नानंतरचे, चौदा हृदयांचे प्रसंग आले, पण पेनीच्या वाट्याला झोपायच्या खोलीची सजावट आली. मला तिचं आणि आईचं पुढे काय झालं ते हवं होतं.

ते मिळालं, पण लग्नातून नाही. गावाचं कम्युनिटी सेंटर, म्हणजे सामुदायिक सभागृह, पूर्ण झाल्यावर गावची सुतारीण रॉबिनला ५ लाख नाणी आणि ९५० लाकडं दिली की ती ट्रेलरच्या जागी पॅमसाठी पक्कं घर बांधते. इतकी रक्कम जमवायला घाम निघतो, तरी लॉकेटपेक्षा आधी याच्यासाठी साठवा असं मी सांगेन.

केवळ प्रेमकथेसाठी घेणार असाल तर लग्नानंतर निराशा होईल. गावातल्या म्हाताऱ्या, एकट्या, चिडक्या माणसांना वेळ द्यायची तयारी असेल तर बिनधास्त घ्या, आणि वसंतात रानात लीक (कांद्याच्या पातीसारखी भाजी) सापडली तर विकू नका, जॉर्जआजोबांना द्या.