लिथियम बॅटरीसाठी सौर चार्जर निवडताना : व्हिक्ट्रॉन स्मार्टसोलर 100/30 चा अनुभव

निफाड तालुक्यातील आमच्या घरी 335 वॅटचे एक सौर पॅनेल, 12.8 व्होल्ट 100 एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि एक लहान इन्व्हर्टर एवढीच व्यवस्था आहे. पूर्वी येथे 150 एएचची ट्युब्युलर, म्हणजे शिसे-आम्ल प्रकारची, बॅटरी होती. ती बदलून लिथियम बॅटरी घेतली तेव्हा चार्जर मात्र जुनाच, म्हणजे साधा पीडब्ल्यूएम प्रकारचा, राहू दिला, कारण बॅटरी बसवून देणाऱ्या कारागिराने तो चालेल असे सांगितले होते. पुढे व्हिक्ट्रॉन या डच कंपनीचा स्मार्टसोलर एमपीपीटी 100/30 हा कंट्रोलर, म्हणजे सौर चार्जर, घेतला. (पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी हे सौर चार्जरचे दोन प्रकार; त्यांतील फरक पुढे येईल.) त्याचे परीक्षण लिहिताना आधी जुन्या चार्जरचे काय झाले ते सांगणे आवश्यक वाटते, कारण लिथियमसाठी चार्जरमध्ये काय पाहावे हे मला त्या प्रसंगातून कळले.

डिसेंबरातील एका दुपारी बॅटरी पूर्ण भरत आलेली असताना इन्व्हर्टर ‘बॅटरी हाय’ असे दाखवून बंद पडला आणि त्याच वेळी देवघरातील बारा व्होल्टचा एलईडी दिवा क्षणभर डोळे दिपतील इतका प्रखर होऊन कायमचा विझला. कारागिराने बॅटरीच सदोष असल्याचे ठरवून टाकले. दुसऱ्या दिवशी मी मल्टिमीटर लावून बसलो. चार्जरच्या टर्मिनलवरील आकडा 14.4 वर न थांबता हळूहळू 15 च्या पुढे गेला, आणि मग बॅटरीतील बीएमएसने, म्हणजे सेलचे रक्षण करणाऱ्या सर्किटने, चार्जिंग तोडताच तो एकदम वर उसळला. बॅटरी निर्दोष होती. ती स्वतःचे रक्षण करीत होती आणि तिने प्रवाह घेणे थांबवल्यावर पॅनेलचा वाढलेला दाब वाट मिळेल तिकडे, म्हणजे दिव्याकडे आणि इन्व्हर्टरकडे, जात होता.

जुना चार्जर शिसे-आम्ल बॅटरीच्या सवयीने वागत होता, हे यामागचे कारण. त्या बॅटरीला ठराविक काळाने इक्वलायझेशन, म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन सर्व सेल सारखे करणे, मानवते. शिवाय थंडीत तिला थोडे अधिक व्होल्टेज लागते, म्हणून असे चार्जर 25 अंशांखाली दर अंशाला बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी सुमारे 20 मिलिव्होल्ट वाढवत जातात. खोलीत 10 अंश असतील तर 14.4 चे 14.7 होतात. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या एका सेलची कमाल मर्यादा 3.65 व्होल्ट, म्हणजे चार सेलच्या बॅटरीची 14.6 व्होल्ट आहे, आणि तिला ना इक्वलायझेशन लागते ना तापमानानुसार वाढ. म्हणून माझ्या मते या बॅटरीचा चार्जर निवडताना तो किती अँपिअर देतो हे नंतर पाहावे. तो कोठे थांबतो आणि ते थांबणे आपल्याला ठरवता येते का, हे आधी पाहावे.

स्मार्टसोलर 100/30 या कसोटीवर पूर्ण उतरला. मोबाइलवरील व्हिक्ट्रॉनकनेक्ट ॲपमधून ब्लूटूथने सर्व मूल्ये ठरवता येतात आणि लिथियम आयर्न फॉस्फेटचा तयार पर्याय निवडला की ॲबसॉर्प्शन (बॅटरी भरतानाचे शेवटचे व्होल्टेज) 14.2 व्होल्ट, फ्लोट (भरल्यावर टिकवून ठेवण्याचे व्होल्टेज) 13.5 व्होल्ट आणि इक्वलायझेशन बंद अशी मांडणी होते. तापमान-भरपाई शून्य झाली आहे ना, हे मात्र प्रत्येकाने स्वतः उघडून पाहावे. ज्यांना मोबाइल नको त्यांच्यासाठी यंत्रावर पेचकसाने फिरवायचा एक लहान स्विचही आहे. 14.2 वर थांबल्याने बॅटरी अपुरी भरते अशी शंका मला आधी होती, पण या सेलचे व्होल्टेज बराच काळ जवळजवळ सपाट राहून अगदी शेवटी झपाट्याने चढते, त्यामुळे 14.2 आणि 14.6 यांच्यामध्ये साठवण जवळपास नसतेच. नवा कंट्रोलर बसवल्यापासून बीएमएसने एकदाही चार्जिंग तोडलेले नाही.

दुसरा लाभ विजेचा आहे आणि तो डोळ्यांनी दिसला. पीडब्ल्यूएम चार्जर पॅनेलला ओढून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतो, त्यामुळे 37 व्होल्टला 9 अँपिअर देणारे आमचे 72 सेलचे पॅनेल 13.3 व्होल्टला त्याच 9 अँपिअरवर, म्हणजे जेमतेम 120 वॅटवर अडकून पडत असे. एमपीपीटी तेच जादा व्होल्टेज अँपिअरमध्ये बदलतो. क्लॅम्प मीटर लावला तेव्हा जुन्या चार्जरवर भर दुपारी 8.6 आणि नव्यावर 21 अँपिअर दिसले. 100 एएचच्या लिथियम बॅटरीला 20 ते 50 अँपिअर सहसा सोसतात, तरीही बॅटरीसोबत आलेल्या कागदावरील मर्यादा पाहूनच कंट्रोलरचा आकार ठरवावा.

उणिवाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. यंत्रावर पडदा नाही. दोन-तीन रंगीत दिवे सोडले तर सगळे मोबाइलवरच पाहावे लागते, आणि घरातील वडीलधाऱ्यांना बॅटरी किती भरली हे एका नजरेत कळत नाही. थेट दिवे जोडण्यासाठी लोड आउटपुट नाही. किंमत साध्या पीडब्ल्यूएमच्या कितीतरी पट आहे, पाच वर्षांची हमी असली तरी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करू नये, आणि त्यासाठी ॲपमध्ये कमी तापमानाला चार्जिंग थांबवण्याची सोय असली, तरी बॅटरीचे तापमान कळवणारा संवेदक वेगळा विकत घ्यावा लागतो. आमची बॅटरी घरात असल्याने मी तो घेतलेला नाही. मात्र द्राक्षबागेतील उघड्या शेडमध्ये बॅटरी ठेवणाऱ्याने निफाडची थंडी लक्षात घेऊन तो अवश्य घ्यावा.

बसवताना आधी बॅटरी आणि मगच पॅनेल जोडावे, काढताना आधी पॅनेल काढावे. कंट्रोलरच्या वर-खाली 10 सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी. पावसाळ्यात आठवडाभर ऊन नसते तेव्हा बॅटरी इन्व्हर्टरच्या आतील चार्जरने महावितरणच्या विजेवर भरते, म्हणून तेथील निवडही ट्युब्युलरवरून लिथियमवर आणणे विसरू नये. माझ्याकडून ते दोन महिने राहून गेले होते.

आता पॅनेल वाढवण्याचा विचार करणाऱ्यांसाठी. नावातील 100 म्हणजे पॅनेलकडून येणारे कमाल व्होल्टेज आणि 30 म्हणजे बॅटरीला मिळणारे कमाल अँपिअर. बारा व्होल्टवर हा कंट्रोलर 440 वॅटपर्यंत, चोवीस व्होल्टवर 880 वॅटपर्यंत काम देतो. आमच्यासारख्या एका पॅनेलचे उघडे व्होल्टेज, म्हणजे काहीही जोडलेले नसतानाचे, 46 आहे. दोन पॅनेल मालिकेत, म्हणजे एकापुढे एक, जोडले तर 92 होतात आणि ते शंभराच्या आत दिसतात. पण हा आकडा 25 अंशांवरचा असतो. पॅनेल थंड झाले की दर अंशाला साधारण 0.3 टक्के व्होल्टेज वाढते, त्यामुळे 5 अंशांच्या पहाटे तेच 92 साडेसत्त्याण्णवपर्यंत पोहोचतात, आणि एकदा मर्यादा ओलांडली तर कंट्रोलर जळू शकतो. आमच्या भागात मी एवढ्या काठावर जाणार नाही. दोन पॅनेल मालिकेत लावायचे असतील, किंवा घरची व्यवस्था 48 व्होल्टची असेल, तर स्मार्टसोलरमधीलच 150/35 घ्यावा.